बेंदराच्या बैलांसाठी कुंभार गल्लीतला शाडू: वर्गासाठी कसा आहे?

तिसरी-चौथीच्या मुलांकडून बेंदराला, म्हणजे आषाढातल्या बैलांच्या सणाला, मातीचा बैल करून घेण्यासारखा कलेचा तास नाही. घरी पूजेला बसणारा बैल मुलांनी पाहिलेला असतो, त्यामुळे वशिंड कुठे आणि शिंगं कशी हे सांगावं लागत नाही. प्रश्न असतो मातीचा. कोल्हापुरात शाहूपुरी, गंगावेश, बापट कॅम्प इथल्या कुंभारांकडे शाडू दोन तऱ्हेने मिळतो: कोरडी पूड आणि मळलेला गोळा. चाळीस मुलांच्या वर्गाला पूड परवडते, पण ती नुसती पाण्यात कालवून मुलांपुढे ठेवली तर निम्म्या बैलांचे पाय मोडणार.

गुजरातहून येणारा हा शाडू अगदी बारीक आणि मऊ असतो, मात्र चिकटपणाला कमी. साच्यात दाबून बसवायला तो उत्तम. हाताने शिंग ओढून काढायला गेलं की तुटतो. म्हणून कुंभारांकडूनच थोडी गाळाची काळी माती मागून घ्यावी. तीन भाग शाडूला एक भाग काळी माती पुरे. ती जास्त झाली तर वाळताना आकसते आणि पोटाला भेगा जातात. काळी माती नाही मिळाली तर किलोभर पुडीला वर्तमानपत्राचा एक जोडकागद भिजवून, कुटून, लगदा करून मिसळावा. कागदाचे तंतू माती धरून ठेवतात.

एका मुलाला २५० ग्रॅम ओली माती लागते, म्हणजे ४० मुलांना १० किलो. एक किलो पुडीला साधारण ३५० मिली पाणी लागतं, त्यामुळे साडेसात किलो पूड पुरते. सांडलवंड धरून आठ घ्यावी. पाण्यात पूड सोडावी, पुडीवर पाणी ओतू नये, नाहीतर धूळ उडते आणि ती नाकातोंडात जाणं बरं नाही. रात्रभर भिजवून सकाळी मळावी. बोटाएवढी वळी करून बोटाभोवती वाकवून पाहायची: तडकली तर पाणी कमी, तळव्याला चिकटली तर जास्त.

मळलेला गोळा घेतला तर ही सगळी मेहनत वाचते, आणि एकट्या शिक्षकाला ते मोठं सुख आहे. पण प्रत्येक गोळ्याचा ओलावा वेगळा असतो. ओल्या गोणपाटात गुंडाळून वरून प्लॅस्टिक बांधलं नाही तर दुसऱ्या दिवशी वरचा थर कडक होतो.

बैल मोडतो तो सांध्यात. पाय, शिंगं नुसती दाबून चिकटवली की वाळल्यावर गळून पडतात. दोन्ही बाजूंना जुन्या कंगव्याने चरे पाडून, मातीचा पातळ घोळ लावून मग दाबावं. पाय अंगठ्याएवढे जाड आणि आखूड. आत आगपेटीच्या काड्या घालू देऊ नका. माती आकसते, काडी आकसत नाही, आणि पाय उभा चिरतो. वाळवायचं सावलीत. उन्हात किंवा पंख्याखाली बाहेरचा थर आधी आकसतो, आत ओल राहते, तिथेच भेग जाते. आषाढातल्या कोल्हापूरच्या हवेत आठवडा धरून चाला.

हा आठवडा वाया जात नाही. ओला बैल आणि वाळलेला बैल काट्यावर ठेवला की २५० ग्रॅमचे साधारण १८५ ग्रॅम होतात. उरलेले ६५ ग्रॅम गेले कुठे, यावर मुलं तासभर बोलतात. बाष्पीभवन शिकवायला याहून चांगलं साधन शोधावं लागत नाही.

रंगाला पोस्टर कलर चालतात, पण कुंचला निथळून घ्यावा. न भाजलेला शाडू पाण्याने पुन्हा मऊ होतो आणि रंगाबरोबर माती उठून येते. गेरूत थोडा डिंक घातला तर तो हाताला लागत नाही.

खरेदीत एक गोष्ट जरूर तपासावी. पांढरी दिसणारी पूड शाडूच आहे का, त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस नाही ना? चमचाभर पूड पाण्यात कालवून अर्धा तास ठेवा. गरम होऊन दगडासारखी घट्ट झाली तर ते प्लास्टर आहे. मुलांच्या हाताला भाजू शकतं, वर्गात आणूच नये. शाडू मऊच राहतो.

पहिलीच्या मुलांना मात्र रंगीत प्लॅस्टिसिन बरं. ते वाळत नाही, अक्षरं वळवून पुन्हा मोडता येतात. बैलासाठी ते कामाचं नाही. रंग बसत नाही आणि उकाड्यात पाय वाकतात.

हात धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नये, नळी तुंबते. बादलीत निवळू द्यावं, खालची माती पुन्हा वापरता येते. आणि शाडू ज्येष्ठातच आणून ठेवावा, कारण आषाढ लागला की कुंभार गल्लीत गणपतीच्या कामाची घाई असते आणि चार-आठ किलोसाठी माती पारखून द्यायला कुणाला सवड नसते.