मॅफ सेन्सर क्लीनर स्प्रे: बरेच महिने वापरून झाल्यावरचा अनुभव

गाडी १.५ लिटर पेट्रोल, टर्बो नाही, बऱ्यापैकी चाललेली. मास एअर फ्लो सेन्सर म्हणजे मॅफ साफ करायचा स्प्रे आणला त्याला आता बरेच महिने झाले. लगेच लिहिलं नाही मुद्दामच, कारण बोनेट उघडून काहीही केलं की पुढचे दोन दिवस गाडी हलकी पळतेय असं वाटतंच, त्या वाटण्याला काही अर्थ नसतो. म्हणून साफ करायच्या आधीचे आकडे, लगेच नंतरचे आणि मग अधूनमधून, असं सगळं स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला जोडून इंजिनचे आकडे दाखवणारं यंत्र) लावून बघत गेलो आणि आता लिहितोय. स्प्रे चांगला आहे, पैसे वाया जात नाहीत, पण कॅनवर जे जे लिहिलेलं असतं ते सगळं होत नाही आणि एअर फिल्टरचा डबा नीट बसत नसेल तर कितीही फवारा, काही महिन्यांत परत तिथेच येता.

आधी एक बघून घ्या, तुमच्या गाडीला मॅफ आहे का. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना नसतोच, त्यात मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या पाइपांमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो आणि ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर दाब, तापमान आणि आरपीएमवरून हवेचा हिशोब करतो. मॅफ असेल तर एअर फिल्टरच्या डब्यानंतर लगेच, थ्रॉटल बॉडीच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) आधी, पाइपवर एक प्लास्टिकचा तुकडा दोन स्क्रूंनी बसवलेला आणि त्याला चार-पाच वायरचा कनेक्टर, असं दिसेल. तिथे नुसती जाड रबरी होज असेल आणि काहीच नसेल तर हा स्प्रे तुमच्या कामाचा नाही.

आता हा सेन्सर करतो काय, हे समजलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. आत एक बारीक तार किंवा पातळ फिल्म असते, ती सेन्सरमधलं सर्किट आत येणाऱ्या हवेपेक्षा शंभरेक अंश किंवा त्याहून जास्त गरम ठेवतं. हवा वाहिली की ती गार होते, तेवढीच गरम ठेवायला जितका करंट जास्त लागला तितकी हवा जास्त आली, एवढंच गणित. आणि हे गणित छोटं वाटलं तरी त्याच्यावर सगळं इंधन ठरतं, कारण पेट्रोलला १ किलोमागे १४.७ किलो हवा लागते, म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण ९००० लिटर हवा आत जाते, आणि ती सगळी ह्या नखाएवढ्या भागावरून मोजली जाते. त्याच्यावर धूळ आणि तेलाच्या वाफेचा थर बसला की तार गोधडी पांघरल्यासारखी होते, वारा लागतो पण पोचत नाही. मग ती गार कमी होते, करंट कमी लागतो, ईसीयूला वाटतं हवाच कमी आली, तो पेट्रोल कमी सोडतो आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी.

माझ्या गाडीची लक्षणं अगदी हीच होती. आयडलिंग ठीक, चेक इंजिन लाईट नाही, पण ओव्हरटेकला ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर गाडी विचार करायची आणि मग उचलायची. वरच्या आरपीएमला दम नाही. लाईट नाही म्हणजे बिघाड नाही असं बरेच जण धरून चालतात, ते बरोबर नाही. लाईट लागायला ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेली दुरुस्ती, खाली सविस्तर) बरीच पुढे जावी लागते, तेव्हा मग पी०१७१ म्हणजे लीनचा कोड येतो, किंवा सेन्सरचाच पी०१०१ येतो. त्याच्या आधी बराच काळ गाडी मंद चालत राहते आणि आपल्याला सवय होऊन जाते.

इथे मी थोडा जास्त वेळ घालवणार आहे कारण खरा फायदा ह्यातच आहे. स्प्रे घ्यायच्या आधी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा. मोजलेल्या हवेप्रमाणे जितकं पेट्रोल ठरतं त्यात एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून ईसीयूला आणखी किती टक्के वाढवावं किंवा कमी करावं लागतंय, तो हा आकडा. शॉर्ट टर्म सारखा हलतो, लाँग टर्म म्हणजे शिकून ठेवलेला. दोन्ही मिळून प्लस-मायनस दहाच्या आत असेल तर सहसा बरं. माझ्याकडे इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलला प्लस ३-४ आणि ३००० आरपीएमला धरून ठेवलं की प्लस १३-१४. हा फरक महत्त्वाचा आहे बरं का! आयडलला प्लस जास्त आणि आरपीएम वाढवला की कमी होत असेल तर तो मॅफ नाही, कुठून तरी न मोजलेली हवा आत घुसतेय, फाटलेली होज किंवा मॅनिफोल्डचं गॅस्केट शोधा, कारण ती गळती तेवढीच राहते आणि एकूण हवा वाढली की तिचा वाटा कमी होतो. उलट आरपीएमबरोबर प्लस वाढत गेला तर सेन्सर कमी मोजतोय किंवा पेट्रोलचं प्रेशर पुरत नाही. अशा वेळी फ्युएल पंप आणि फिल्टरकडेही बघायला लागतं, सगळं मॅफवर ढकलून चालत नाही.

दुसरा आकडा ग्रॅम पर सेकंद, म्हणजे सेकंदाला किती ग्रॅम हवा मोजली. गरम इंजिन, एसी बंद, आयडलला साधारण जितक्या लिटरचं इंजिन तितके ग्रॅम किंवा थोडे वर, माझ्याकडे २ च्या आसपास यायचे म्हणजे ठीक. पण मोकळ्या रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन वरपर्यंत खेचली (स्कॅनर बघायला शेजारी दुसरं कोणी बसवा, चालवता चालवता बघू नका) तर ढोबळ हिशोब असा की १०० हॉर्सपॉवरच्या साध्या पेट्रोल इंजिनाला ८० ग्रॅमच्या आसपास दिसायला हवेत. माझी १०५ ची आहे आणि सत्तरच्या वर जात नव्हती. तेव्हा मग कॅन आणला.

साफ करणं सोपं आहे पण हाताला घाई नको. इंजिन गार, चावी काढलेली. कनेक्टरचं लॉक आधी सरकवायचं मग दाबून ओढायचं, वायर धरून ओढायचं नाही. स्क्रू काही गाड्यांत साधे असतात, काहींत चांदणीसारख्या खाचेचे आणि मधे बारीक खुंटी असलेले, त्याला मधे भोक असलेला टॉर्क्स बिट लागतो, नसेल तर पकडीने झटापट करू नका, डोकं गोल होतं. सेन्सर सरळ बाहेर ओढायचा, ओ-रिंग कुठे राहिली नाही ना बघायचं. फक्त फवाऱ्याने साफ करायचं, बोट नाही, कापूस नाही, इअरबड नाही, ब्रश तर नाहीच. कॉम्प्रेसरची हवाही नाही, फिल्म इतकी पातळ असते की प्रेशरने तुटू शकते. नळी लावून दहा-पंधरा सेंटीमीटरवरून छोटे छोटे फवारे, सेन्सर खाली तोंड करून धरायचा म्हणजे मळ आत न जाता गळून पडतो. खाली पांढरा कागद ठेवा, माझ्या कागदावर राखाडी-तपकिरी डाग पडले, म्हणजे खरंच काहीतरी निघालं हे डोळ्यांनी दिसलं. बऱ्याच सेन्सरमध्ये फिल्म समोर दिसत नाही, प्लास्टिकच्या आत बारीक वाट असते, तिच्या दोन्ही तोंडांतून फवारायचं. बाहेर एक मण्यासारखा ठिपका दिसतो तो हवेच्या तापमानाचा सेन्सर, त्यालाही हळूच.

आणि वाळू द्या! स्प्रे लवकर उडतो हे खरं, मिनिटभरात कोरडा दिसतो, पण आतल्या खाचेत राहिलेला दिसत नाही आणि तिथेच गरम होणारी फिल्म आहे, त्यात ह्यातले बहुतेक स्प्रे ज्वालाग्राही असतात. मी निदान अर्धा तास तसाच ठेवतो आणि मगच बसवतो.

कार्ब क्लीनर, थ्रॉटल क्लीनर, ब्रेक क्लीनर चालतो का, हे सगळे विचारतात. नाही चालत. थ्रॉटलच्या स्प्रेत बऱ्याचदा मागे थर सोडणारं काहीतरी असतं, आणि कार्ब किंवा ब्रेकच्या स्प्रेतले सॉल्व्हंट प्लास्टिक आणि चिकटवलेला भाग खाऊ शकतात. ह्या स्प्रेचं वैशिष्ट्यच हे की तो मागे काही ठेवत नाही. उलटंही तितकंच खरं, ह्याने थ्रॉटल बॉडीचा काळा कार्बन निघत नाही, मी थोडा मारून बघितला, तो त्या कामाला फार सौम्य आहे.

बसवल्यावर स्कॅनरने जुनी शिकलेली ट्रिम पुसली. बॅटरीचा मायनस काढूनही बऱ्याच गाड्यांत जाते पण मग घड्याळ, रेडिओ, काचांचं सेटिंग सगळं परत करावं लागतं. पुसल्यावर पहिले काही दिवस आयडलिंग जरा वरखाली होऊ शकतं, घाबरू नका, परत शिकते. आणि उत्सर्जन तपासणी तोंडावर आली असेल तर पुसू नका, गाडीच्या आतल्या स्वतःच्या चाचण्याही त्याबरोबर शून्यावर जातात.

निकाल असा. ३००० ला ट्रिम प्लस ४-५ वर आली, आयडलला १-२. पूर्ण ॲक्सिलरेटरला ८० पार. ती क्षणभर थांबायची सवय गेली, हे घरच्यांनाही न सांगता जाणवलं. पण ॲव्हरेज? जवळपास तेवढंच राहिलं. आणि ते तसंच असायला हवं, कारण शांत चालवताना ऑक्सिजन सेन्सर चूक भरून काढतच होता, पेट्रोल शेवटी योग्य तेवढंच जात होतं. फरक पडतो तो अचानक ॲक्सिलरेटर दिल्यावर आणि पूर्ण दाबल्यावर, तेव्हा बऱ्याच गाड्यांत ईसीयू ऑक्सिजन सेन्सरची वाट बघत नाही, मॅफचा आकडा आणि शिकलेली ट्रिम ह्यावरच चालतो. त्यामुळे कॅनवर ॲव्हरेज वाढेल असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तर त्यासाठी घेऊ नका, पिकअपसाठी घ्या.

आता पुढच्या महिन्यांचं. सुरुवातीला सगळं छान, मग हळूहळू ३००० ची ट्रिम परत चढायला लागली, ६, ७, ८. इतक्या लवकर घाण व्हायला नको होता. फिल्टरचा डबा उघडला, फिल्टर वरून व्यवस्थित दिसत होता, पण फिल्टरनंतरच्या पाइपात पांढरं फडकं फिरवलं तर एका बाजूला मातीची रेघ. फिल्टरच्या एका कोपऱ्यातलं रबर डब्याच्या खाचेत बसत नव्हतं आणि त्याच बाजूची क्लिप ढिली, तिथून धूळ फिल्टरला वळसा घालून सरळ सेन्सरवर. योग्य मापाचा, मऊ कडेचा फिल्टर घातला, क्लिप बदलली, सेन्सर परत एकदा साफ केला, आणि तेव्हापासून आजपर्यंत आकडा हललेला नाही. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणात खरं काम केलं ते त्या क्लिपने. सेन्सर आपण होऊन घाण होत नाही, कोणीतरी घाण आत सोडत असतं. कॉम्प्रेसरने फुंकून फुंकून परत वापरलेले कागदी फिल्टर, धुऊन तेल लावायचे फिल्टर ज्यांना तेल जास्त झालंय, इंजिन बंद केल्यावर ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या) पाइपातून मागे येणारी तेलाची वाफ, ही नेहमीची कारणं. फडकं फिरवून बघायला दोन मिनिटं लागतात आणि ते फुकट आहे.

हाच कॅन एका मित्राच्या डिझेल गाडीवरही वापरला. डिझेलमध्ये मॅफचा आकडा ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किती उघडायचा आणि धूर न होता किती डिझेल सोडायचं ह्यासाठी लागतो, हवा कमी दाखवली की ईसीयू डिझेलच आखडता घेतो आणि गाडी चढाला मरते. तिथे साफ करून थोडा फरक पडला, पुरेसा नाही. कनेक्टर काढून गाडी चालवली तर ती आधीपेक्षा बरी चालली, म्हणजे ईसीयूने सेन्सर सोडून स्वतःचा अंदाज वापरला आणि तो अंदाज सेन्सरपेक्षा चांगला निघाला. अशा वेळी सेन्सर गेलेला धरायचा (कनेक्टर काढला की लाईट लागते, कोड नंतर पुसावा लागतो). नवीन टाकल्यावर गाडी सुधारली. नवीन घेताना पार्ट नंबर जुळवूनच घ्या, दिसायला सारखे असलेले स्वस्त सेन्सर बसतात बरोबर पण त्यांचं कॅलिब्रेशन वेगळं निघालं तर ट्रिम पहिल्या दिवसापासून चुकते. आणि शक्य असेल तर पाइपासकट न घेता आतला सेन्सर तेवढा मिळतो का बघा.

सेन्सरच्या आधी पाइपात जाळी असते ती काढू नका, काही जण हवा जास्त येईल म्हणून काढतात. ती हवा सरळ करण्यासाठी असते, काढली की हवा वळवळत येते आणि मोजमाप भरकटतं.

कॅनबद्दल बोलायचं तर इतक्या महिन्यांनंतरही प्रेशर टिकून आहे, नोझल गळत नाही, एका कॅनमध्ये बरीच साफसफाई होते. नळी मात्र सुटी येते आणि हरवतेच, तिच्याशिवाय त्या बारीक खाचेत फवारा जात नाही, म्हणून ती कॅनला टेप लावून ठेवा. गाडीत ठेवू नका, उन्हात बंद गाडी फार तापते. मी आता ठरावीक अंतराने साफ करत नाही, फिल्टर बदलताना स्कॅनर लावतो, ३००० ची ट्रिम बघतो आणि ती ५ च्या आत असेल तर सेन्सरला हातही लावत नाही.