मामा तलावावर दोन जणांची कायाक : पोळ्यापासून होळीपर्यंतच्या वापरानंतर

गोंदिया-भंडाऱ्याकडे पाहुण्यांना सकाळी मामा तलावावर, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावावर, वल्हवत न्यायचं आणि मग हाजरा फॉलसारख्या धबधब्याकडे पायी, अशा गाईडसोबतच्या सहलींसाठी ही सिट-ऑन-टॉप कायाक, म्हणजे आत न शिरता वर बसून वल्हवायची लांबट नाव, घेतली. नाव चांगली आहे, तिच्यासोबत मिळणारं सामान तेवढं चांगलं नाही.

हवेची घ्यावी की कडक प्लास्टिकची, हा प्रश्न आपल्याकडे बाभळीनंच सोडवलेला आहे. तलावाच्या पाळीवरून (बांधावरून) उतरताना काटे, काठाला बेशरमच्या झुडपांची पाण्याखाली दडलेली खुंटं. तिथे हवेची नाव टिकत नाही. पॉलिथिलीनच्या बुडाला चरे पडतात, ते चालतं. नख अडकेल इतका खोल चरा मात्र दर आठवड्याला बघायचा. फट पडलीच तर एपॉक्सी लावू नका, ते या प्लास्टिकला धरत नाही. पॉलिथिलीनचीच कांडी वापरून वेल्डिंग करून घ्या.

काही महिन्यांनी नावेच्या पोटात पाणी साचू लागतं. बहुतेकांना वाटतं, बूड फुटलं. तसं क्वचितच असतं. आत चार-पाच लिटर पाणी ओता, नाव आळीपाळीनं दोन्ही कुशींवर कलती करा आणि बाहेरून कोरड्या बोटानं प्रत्येक जोड चाचपा. ओल बहुधा मागच्या बुचाच्या रबरी वॉशरपाशी नाहीतर मुठीच्या स्क्रूखाली सापडते. वॉशर बदलून स्क्रू नुसते टेकतील इतपतच आवळा. जास्त पिळले की प्लास्टिकातला आटा जातो.

वजन तीस-पस्तीस किलो, म्हणजे उचलायला दोघं लागतातच. बारीक चाकांची ट्रॉली चिखलात रुतते, रुंद टायरची घ्या. उन्हात दोन बल्ल्यांवर ठेवली तर बूड दबतं, म्हणून सावलीत कुशीवर उभी करायची. जड माणूस मागे बसवा, दिशा तोच सांभाळतो. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे थकल्यावर वारा परत आणतो. शिंगाड्याचे वेल आणि ढीवर बांधवांची जाळी यांच्यापासून लांबून जायचं. मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे असेल, तिला आधी विचारणं हा साधा शिष्टाचार आहे.

लाइफ जॅकेट फोमचंच हवं. घातल्यावर मागून दोन्ही खांदे धरून वर ओढा. कानापर्यंत सरकलं तर पट्टे ढिले आहेत. गडगडाट ऐकू आला की काठावर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात नाही. पाहुणे कितीही कुरकुरले तरी यात सूट देऊ नये.

पायवाटेला वल्हवतानाच्या चपला चालत नाहीत. टाचेला पट्टा, पाणी निघून जाईल असा तळ हवा, तरी शेवाळावर कुठलंच रबर धरत नाही. तिथे पाऊल सपाट आणि छोटं टाकायचं. धबधब्याखाली उभं असताना पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहून आला किंवा आवाज जड झाला, तर वर पाऊस पडलेला असतो. फोटो सोडून लगेच उंचावर चढायचं.

ऑगस्ट ते ऑक्टोबर गवतात बसू नका, कपडे गवतावर वाळत घालू नका. विदर्भात 2018 साली स्क्रब टायफसची साथ आली होती. हा आजार गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होतो. सहलीनंतर पंधरवड्यात ताप आला, अंगावर काळी खपली दिसली, तर दवाखान्यात जंगलात फिरल्याचं आधी सांगा. प्रत्येक पाहुण्याला निरोप देताना ही सूचना लेखी द्यावी.