‘काम झालं तरच पैसे द्या, वहिनी’

अमेरिकेत हायस्कूलला मुलं असलेल्या आणि त्यातही मुलं खेळात बरी असलेल्या मराठी आईवडिलांसाठी हे लिहितेय. कॉलेजच्या संघात मुलाची वर्णी लागली, स्कॉलरशिप मिळाली, तर त्यातले अमुक टक्के आम्हाला द्यायचे, नाही मिळाली तर एक पैसाही नको, असा करार कुणी समोर ठेवला तर सही करू नका. ऐकायला हा व्यवहार सगळ्यात बिनधोक वाटतो. कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएच्या लेखी मात्र याच व्यवहारामुळे मुलाचं खेळणं अडचणीत येतं.

आमची मुलगी पुण्यात टिळक तलावावर पोहायला शिकली. नववीपर्यंत स्टेट बोर्डाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होती. मग माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि ती न्यू जर्सीत थेट दहावीला बसली. तिचा ब्रेस्टस्ट्रोक चांगला आहे. पुण्यात सगळ्या वेळा मीटरच्या, इथे हायस्कूलचे तलाव यार्डांचे, त्यामुळे ती नक्की कुठे उभी आहे हे कळेपर्यंत पहिला हिवाळा गेला. आकडे लागल्यावर तिच्या शाळेतल्या कोचने सांगितलं, कॉलेजच्या कोचेसना आत्तापासून ईमेल करायला लाग. तिने केल्या. उत्तरं आली ती ‘आमच्या वेबसाइटवरचा फॉर्म भरा’ एवढीच, आणि बहुतेकांकडून तीही नाहीत.

अशा वेळी तो भेटला. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात टेबल मांडून बसला होता, स्पोर्ट्स अॅडमिशनचा सल्लागार म्हणून. बोलणं गोड, समोरच्या प्रत्येक बाईला वहिनी. म्हणाला, आपल्या मुलांच्या ईमेल कोच उघडतही नाहीत, आडनाव बघून सोडून देतात, आत ओळख लागते. ‘रजिस्ट्रेशन’चे ९५० डॉलर घेतले. जून उजाडला आणि महिन्याच्या मध्यावर खरंच ईमेल आल्या, एकाच दिवशी चार-पाच कोचेसच्या. त्याचा लगेच फोन: बघा वहिनी, शब्द टाकला होता.

यातली गोम आम्हाला फार उशिरा कळली. डिव्हिजन वनच्या, म्हणजे एनसीएएच्या तीन गटांतल्या सगळ्यात वरच्या गटातल्या कोचला पोहण्यासारख्या बहुतेक खेळांत दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत मुलांशी भरतीबद्दल बोलायला बंदीच असते. त्याआधी कोच गप्प राहतो तो नियमामुळे. १५ जूनला सगळ्यांची तोंडं एकदम उघडतात. म्हणजे या गृहस्थाने आम्हाला कॅलेंडरमधली एक तारीख ९५० डॉलरला विकली होती. खेळाडूंची पात्रता तपासणाऱ्या एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरवर खातं उघडायला इथल्या शाळेतल्या मुलांना साधारण शंभर डॉलर लागतात, आणि ते आपणच आपल्या कार्डाने भरायचे असतात. ते आम्ही वेगळे भरलेच.

एकदा विश्वास बसल्यावर पुढचं सोपं होतं. त्याच्याकडे खोट्यापेक्षा अर्धवट खरं जास्त होतं, आणि ते तो अगदी बरोबर वेळी काढायचा. अकरावी संपता संपता त्याने ‘दहा-सात’चा नियम काढला.

हा नियम खरा आहे आणि तो माहीत असायलाच हवा. डिव्हिजन वनसाठी हायस्कूलच्या चार वर्षांत १६ कोअर कोर्स, म्हणजे पात्रतेसाठी मोजले जाणारे मुख्य विषय, लागतात: इंग्रजीची ४ वर्षं, गणिताची ३, विज्ञानाची २, या तिन्हींतलं आणखी एक, समाजशास्त्राची २ आणि वरची ४, ज्यात परकीय भाषाही चालते. व्यायाम, आरोग्य, ड्रायव्हिंग वगैरे यात धरत नाहीत. १६ पैकी १० कोर्स बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत आणि त्या दहातले ७ इंग्रजी, गणित, विज्ञानातले हवेत. बारावी सुरू झाली की त्या दहांचे गुण गोठतात, नंतर पुन्हा कोर्स करून ते वाढवता येत नाहीत. कोअर कोर्सचा जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, २.३ लागतो. डिव्हिजन टूला २.२ चालतो आणि हा दहा-सातचा काच नाही. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिपच नसते, तिथे अभ्यासाचे निकष ज्या त्या कॉलेजचे.

आता त्याचं म्हणणं काय, तर तुमची नववी भारतातली, एनसीएए ती धरत नाही, म्हणजे मुलीचे कोर्स कमी भरतात, सप्टेंबरच्या आत भरून काढले नाहीत तर संपलं. उपाय त्याच्याकडे तयार: चार ऑनलाइन कोर्स, प्रत्येकी ९०० डॉलर. शिवाय सॅट या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेचा क्लास, कारण ‘एनसीएएला स्कोअर लागतो’. (लागत नाही. जानेवारी २०२३ मध्ये ती अट काढली. कॉलेजला प्रवेशासाठी लागू शकतो, तो वेगळा मामला.)

ते कोर्स मी तिच्या शेजारी बसून पाहिले आहेत. एका पानावर दोन परिच्छेद, खाली पाच पर्यायी प्रश्न. चुकलं तर ‘पुन्हा प्रयत्न करा’, आणि पुन्हा तेच पाच प्रश्न त्याच क्रमाने. शिक्षकाचं नाव कुठेच नाही. निबंध लिहायचा नाही, प्रयोग नाही, परीक्षेवर कुणी देखरेख करत नाही. पोरीने भूमितीचं अख्खं वर्ष एका शनिवार-रविवारात उडवलं आणि मला म्हणाली, ‘आई, हे खरं असेल तर मी वर्षभर शाळेत काय करत होते?’ मी तोच प्रश्न त्याला फोनवर विचारला. तो हसला. म्हणाला, हुशार आहे हो तुमची लेक! शेवटी सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट आलं, ‘एनसीएए-रेडी’ असं ठळक छापलेलं. काय रेडी, कुणाचं रेडी, याचा पत्ता नाही.

ऑनलाइन कोर्स एनसीएए धरते, पण त्याला अटी आहेत: शिक्षक आणि विद्यार्थी यांचा कोर्सभर संपर्क हवा, कोर्सला ठरावीक कालावधी हवा, आणि मुख्य म्हणजे तो कोर्स मान्यता मिळालेल्या यादीत हवा. ही यादी एलिजिबिलिटी सेंटरच्या साइटवर कुणालाही दिसते. शाळेचं नाव किंवा सहा आकडी कोड घालायचा, त्या शाळेचे कोणते कोर्स धरतात ते समोर येतं. आमच्या सोनेरी शिक्क्याची शाळा त्या यादीत शोधली तर नावच नव्हतं. हा धंदा जुनाही आहे. २००५ मध्ये मायामीतल्या एका पत्राद्वारे शिकवणाऱ्या शाळेने खेळाडूंना असेच घाऊक गुण वाटल्याचं उघडकीला आलं होतं. त्यानंतरच असल्या कोर्सवरची नजर कडक झाली.

आणि नववी? अमेरिकेबाहेर शिकलेल्या वर्षांची कागदपत्रं एनसीएए नववीपासूनची स्वतःहून मागते. कोणत्या देशातली कुठली कागदपत्रं लागतात याची देशवार माहिती त्यांनीच छापलेली आहे, त्यात भारताचं पानही आहे. म्हणजे जी नववी ‘धरत नाहीत’ म्हणून आम्हाला ३,६०० डॉलरचे कोर्स विकले, ती नववीच त्यांना हवी होती.

करार याच गडबडीत आला. स्कॉलरशिप मिळाली तर पहिल्या वर्षाच्या रकमेच्या १० टक्के. नवऱ्याने वाचून पाहिला, ऑफिसातल्या एकालाही दाखवला. सगळ्यांचं एकच: यात तुमचं काय जातंय? घराच्या दलालापासून लग्न जुळवणाऱ्यापर्यंत आपल्याकडे अशीच रीत आहे. तो म्हणायचाही तसंच, ‘काम झालं तरच पैसे द्या, वहिनी. लेकीचं काम आहे, आपलंच समजा.’

एनसीएएचं म्हणणं असं: सल्लागाराला, व्हिडिओ करून देणाऱ्याला, माहिती गोळा करणाऱ्या सेवेला ठरलेली फी द्यायला हरकत नाही. पण ती फी मुलाला कॉलेजात स्कॉलरशिपवर लावून देण्यावर अवलंबून असली, की तो माणूस एजंट ठरतो. आणि एजंट आला की मुलाच्या हौशी खेळाडू असण्यावरच प्रश्न उभा राहतो. अभ्यासाच्या पात्रतेइतकीच ही दुसरी पात्रताही तपासतात.

बारावीच्या ऑक्टोबरात त्याने एक पीडीएफ पाठवली, ‘एनसीएए फायनल क्लिअरन्स’, वर लोगो, खाली सही. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होते. ती कोचला पाठवली आणि दोन दिवसांत त्या कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसमधून एका बाईंचा फोन आला. प्रत्येक कॉलेजात हे ऑफिस असतं, काम एकच, नियम पाळले जातात का ते बघायचं. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, असं पत्र असूच शकत नाही. अंतिम निर्णय सेंटर देतं आणि तेही एखाद्या कॉलेजने त्या मुलाचं नाव आपल्या यादीत घातल्यावरच. शरद ऋतूत प्रवेश घेणाऱ्या मुलांची हौशीपणाची अंतिम तपासणी १ एप्रिलच्या आधी मागताही येत नाही. ऑक्टोबरात कुणी दिलं हे? मग विचारलं, या माणसाला तुम्ही पैसे कशाच्या बदल्यात देता? नवऱ्याने करार वाचून दाखवला. पलीकडे इतकी शांतता पसरली की फोन कट झाला असं आम्हाला वाटलं.

त्या बाईंचे आमच्यावर उपकार आहेत. त्यांनी सांगितलेलं सगळं फुकट होतं आणि आमच्या सल्लागाराच्या दीड-दोन वर्षांच्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी. टक्केवारीचा एक डॉलरही देऊ नका. करार लेखी रद्द करा, त्याची प्रत आम्हाला द्या. सेंटरच्या प्रश्नांना खरीखुरी उत्तरं द्या, काही लपवू नका. त्या चार कोर्सचा उल्लेख कुठेही गुणांसाठी करू नका. नववीचं गुणपत्रक पुण्याच्या शाळेकडून सही-शिक्क्यानिशी मागवा. आणि सेंटरवरच्या खात्याचा पासवर्ड आजच बदला, कारण तो त्याच्याकडे होता.

माझे दीर शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांची सही घेऊन आले. ते कागद पाहून बाईंचा पुन्हा फोन: यात हा ‘वॉटर सिक्युरिटी’ म्हणजे जीवरक्षकाचा कोर्स का? पोहणारी मुलगी, त्यात जलसुरक्षा, त्यांचंही बरोबरच. नववीच्या मुलांना पाणी वाचवायला शिकवतात म्हटल्यावर त्यांनाही हसू आवरेना. जलसुरक्षेचा उपयोग झाला नाही, पण इंग्रजी, गणित, विज्ञान आणि इतिहास-भूगोल धरले गेले. शाळेच्या कौन्सेलरने इथले ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रकं, थेट सेंटरला पाठवले. ते तसेच जावे लागतात, पालकाने किंवा सल्लागाराने पाठवलेले चालत नाहीत. शिवाय कौन्सेलर याचे पैसे घेत नाही.

मुलगी पात्र ठरली, पण हे निस्तरेपर्यंत कोचच्या हातातले पैसे वाटून झाले होते. डिव्हिजन वनमधल्या मुलींच्या पोहण्याच्या संघाला तेव्हा १४ स्कॉलरशिपची मर्यादा होती, आणि त्या पंचवीस-तीस जणींत तुकडे करून वाटल्या जायच्या. ‘फुल राइड’ची, म्हणजे सगळा खर्च भागवणाऱ्या स्कॉलरशिपची, जी भाषा सल्लागार करायचा, ती पोहण्यात मुळातच दुर्मीळ. तिला संघात जागा मिळाली, खेळाची स्कॉलरशिप नाही. कॉलेजने गुणांवर थोडी फी माफ केली. त्याला हे कुठून कळलं कोण जाणे, पण त्याने त्या फीमाफीच्या १० टक्क्यांचं बिल पाठवलं. तिच्या अभ्यासाच्या गुणांची टक्केवारी! रद्द केलेल्या कराराची प्रत आणि कंप्लायन्स ऑफिसचा पत्ता असं दोन्ही नवऱ्याने उलट टपाली धाडलं. त्यानंतर बिल आलं नाही.

काही जण म्हणतात, अमेरिकेत असलं चालत नाही. इथे २०१९ मध्ये रिक सिंगर नावाच्या माणसाचं प्रकरण बाहेर आलं. कधी न खेळलेल्या श्रीमंत मुलांना कोचेसना लाच देऊन खेळाडू म्हणून घुसवायचा. त्याला २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. तो मोठा मासा होता, श्रीमंतांनाच परवडणारा. आपल्या वाट्याला येतात ते मंडळात टेबल मांडणारे.

पैशाचं सांगायचं तर बहुतेक गेले. त्याने सगळं झेलने, म्हणजे बँक खात्यातून थेट पैसे पाठवायच्या सोयीने, घेतलं होतं, ‘कार्डाला उगाच चार्ज पडतो’ म्हणून. कार्डाने दिले असते तर बँकेकडे वाद घालता आला असता. झेलने आपणच पाठवलेले पैसे परत मिळणं जवळपास अशक्य. न्यू जर्सीच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली आहे, करार, पीडीएफ, कोर्सचे स्क्रीनशॉट सगळं जोडून. तक्रार चालू आहे म्हणून इथे नाव लिहीत नाही. असाच टक्केवारीचा करार तुमच्या घरात पडलेला असेल तर त्यावर एक डॉलरही देण्याआधी ज्या कॉलेजशी बोलणं चालू आहे तिथल्या कंप्लायन्स ऑफिसला फोन करा. नंबर कॉलेजच्या अॅथलेटिक्सच्या साइटवर असतो. फोन मात्र पालकांनी स्वतः करायचा, सल्लागाराला मध्ये न घेता.