जुन्या ट्रॅक्टरांचे प्रदर्शन, लिंकनशायर: मुलांना हात लावू देणारे मालक

इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात उन्हाळ्यात भरणारे जुन्या ट्रॅक्टरांचे एक प्रदर्शन आम्ही सात वर्षांच्या मुलीला घेऊन पाहिले. मुले असलेल्या कुटुंबांना मी त्याची मनापासून शिफारस करतो, कारण येथील बहुतेक मालक मुलांना ट्रॅक्टरवर बसू देतात, स्टिअरिंग फिरवू देतात आणि त्यांच्या प्रश्नांना न कंटाळता उत्तरे देतात.

मुलांसाठी सर्वांत सोयीचा ट्रॅक्टर म्हणजे करड्या रंगाचा फर्ग्युसन टीई-२०. १९४६ ते १९५६ या काळात कॉव्हेंट्रीत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. तो ठेंगणा आहे आणि त्याचे बरेचसे भाग उघडे दिसतात. मुलीने स्टिअरिंगला जोर लावला तेव्हा इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकांकडे जाणारे दांडे हलताना तिला बसल्या जागेवरून दिसले. या ट्रॅक्टरचा गिअरचा दांडाच स्टार्टरचेही काम करतो, त्यामुळे मूल सहज चाळा म्हणून तो हलवील आणि इंजिन सुरू होईल, हा धोका खरा आहे. मालक आजोबांनी मुलीला वर चढवण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवलेली आम्हाला दाखवली, ही काळजी मला फार मोलाची वाटली. आपल्याकडे ट्रॅक्टरला नांगर किंवा रोटाव्हेटर जोडतात ती तीन सांध्यांची पद्धत या ट्रॅक्टरचे जनक हॅरी फर्ग्युसन यांनीच रूढ केली. आजोळच्या ट्रॅक्टरमागे पाहिलेली जोडणी मुलीने येथे स्वतः बोट ठेवून ओळखली.

याच परगण्यातील गेन्सबरो येथे तयार झालेला फील्ड मार्शल नावाचा ट्रॅक्टर हे दुसरे आकर्षण. त्याच्या एकाच आडव्या सिलिंडरात धुमसता कागद ठेवून इंजिन हँडलने किंवा काडतुसाच्या स्फोटाच्या जोराने सुरू करतात. मालकाने सोरा लावलेला कागद आणि तो धरणारा आटे असलेला भाग आधी मुलांच्या हाती दिला, मग सर्वांना दोरीमागे नेऊन काडतुसावर हातोडा मारला. स्पर्श कोठवर आणि अंतर कोठून, हे मुलांना न रागावता समजावण्याची ही रीत प्रत्येक प्रदर्शनाने उचलावी.

आयोजनात मात्र दोन उणिवा जाणवल्या. कोणत्या ट्रॅक्टरला हात लावता येतो, याची पाटी सगळीकडे नव्हती, त्यामुळे काही मुलांना उगाच बोलणी खावी लागली. हात धुण्याची सोयही फार लांब होती; जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून खाण्याच्या दुकानांजवळ ती असायलाच हवी.

जाणार असाल तर ट्रॅक्टरांची फेरी निघण्यापूर्वी, सकाळीच जा. फेरीनंतर धुराडी तापलेली असतात आणि मालकांनाही उसंत नसते. मुलांना जुने कपडे घाला. ग्रीसचे डाग धुऊन निघत नाहीत.