एकाच छताखाली गहू आणि जव: सोलापुरातील एका धान्य दुकानाचे व गिरणीचे परीक्षण

सोलापुरात जव मिळत नाही असे नाही. पण बहुतेक किराणा दुकानांत तो तीळ, हळकुंडे आणि कापराच्या शेजारी, श्राद्धापुरत्या किंवा होमापुरत्या लहान पुडीत ठेवलेला असतो. मंगळवार पेठेच्या परिसरातील ज्या दुकानाविषयी हे परीक्षण आहे, तेथे जवाची जागा गव्हाच्या पोत्यांच्या रांगेत आहे आणि दुकानाला लागूनच दगडी चक्कीची गिरणी आहे. या दुकानाच्या एका मालाविषयी पुढे कठोर शब्दांत लिहावे लागणार असल्याने त्याचे नाव येथे दिलेले नाही.

गव्हाचा साठा पाहण्यासारखा आहे. रोजच्या चपातीसाठी लोकवन, मऊ पोळीसाठी सिहोर, रवा आणि शेवयांसाठी बन्सी, आणि हुग्गीसाठी, म्हणजे गुळाच्या खिरीसाठी, खपली असे चार प्रकार येथे नेहमी असतात व ते एकमेकांत मिसळलेले आढळत नाहीत. लोकवन हे वाण गुजरातेतील सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झाले, आणि आज सोलापूरच्या घरांत गहू म्हणजे बहुधा तोच. खपली सडून, म्हणजे कांडून तूस काढून, आणि न सडता अशा दोन्ही रूपांत मिळते. अक्कलकोटकडची मंडळी हुग्गीसाठी सडलेली खपलीच मागतात, आणि दुकानदार ती किती दिवसांपूर्वी सडलेली आहे हे न विचारता सांगतो, ही गोष्ट मला विशेष आवडली.

जव तीन रूपांत मिळतो: तुसासकट, सडून पांढरा केलेला, आणि दळलेले पीठ. या तिन्हींचा दर लोकवनपेक्षा चढा आहे. त्याचे कारण उघड आहे. जव प्रामुख्याने राजस्थान आणि उत्तर प्रदेशात पिकतो, आणि आपल्या जिल्ह्यातील रब्बीचा काळ्या रानाचा हंगाम मालदांडी ज्वारीने व्यापलेला आहे. वास्तविक क्षारयुक्त जमीन आणि अपुरे पाणी जव गव्हापेक्षा अधिक सोसतो व लवकर काढणीला येतो. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातील जवाचे दाणे सापडले आहेत, म्हणजे हे धान्य महाराष्ट्राला परके मुळीच नाही.

दोन्ही दाणे तळहातावर शेजारी शेजारी घेतले की या दुकानाचे कौशल्य नेमके कोठे लागते ते कळते. लोकवनचा दाणा मळणीतच फोलापासून मोकळा होतो, त्यामुळे तो निवडून सरळ दळता येतो. जवाचे तूस मात्र दाण्याच्या सालीला चिकटलेलेच वाढते, आणि मळणी कितीही चांगली केली तरी ते सुटत नाही. खपलीही तुसासकट मळणीतून बाहेर पडते. पण तिचे आवरण दाण्याला चिकटलेले नसते आणि किंचित ओलावून सडले की ते निघून जाते. जवाचे तूस घासूनच काढावे लागते, त्यात कोंड्याचा काही भागही जातो, आणि दाण्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा तुसातच असल्याने सडणाऱ्याला घट सोसावी लागते. बाजारात बार्ली म्हणून जे गुळगुळीत पांढरे दाणे पाकिटातून येतात ते असे बरेच घासलेले असतात. या दुकानातील सडलेला जव त्या मानाने कमी घासलेला, पिवळसर आणि मधली खाच स्पष्ट दिसणारा आहे. तो शिजायला वेळ घेतो, रात्री भिजवावा लागतो, पण त्याला चव आहे.

गिरणीवाले अण्णा जवाचे दळण गव्हाच्या दळणाहून वेगळे लावतात. गव्हाला जितकी बारीक चक्की लागते तितकी जवाला लावली तर पीठ तापते आणि त्याला चिकट वास येतो, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि दोन्ही पद्धतीने दळून पाहिल्यावर मलाही ते पटले. तुसासकटचा जव ते कोणी आग्रह केला तरी दळून देत नाहीत. "गव्हागत दळून न्याल आणि घरी गेल्यावर घशात कुसळं टोचतात म्हणून मलाच बोलाल," असे ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतात. सोलापुरात एवढा स्पष्टपणा विकत घ्यावा लागत नाही, हे आपले भाग्यच.

स्वयंपाकघरात या दोन पिठांचा फरक पाणी घालताक्षणी दिसतो. गव्हातील ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिने पाण्यात मळताना एकमेकांत गुंतून ताणली जाणारी जाळी तयार करतात; कणीक तिंबून ठेवली की ती अधिक लवचीक होते आणि चपाती फुगते ती या जाळीत वाफ अडकल्यामुळे. जवात हॉर्डिन नावाचे प्रथिन आहे, पण त्याची तशी जाळी होत नाही. नुसत्या जवाच्या पिठाची पोळी लाटायला गेल्यास कडा फाटतात आणि तव्यावर ती कडक होते. म्हणून दुकानात सुचवतात ते एकास तीन, म्हणजे जवाचा एक भाग व लोकवनचे तीन भाग, हे प्रमाण चपातीसाठी योग्य आहे. त्यापुढे गेले की पोळी दुपारपर्यंत चामट होते. नुसता जव खायचाच असेल तर चपातीचा नाद सोडून भाकरी करावी. गरम पाण्यात पीठ मळून, ज्वारीसारखीच थापून केलेली जवाची भाकरी शेंगाचटणीबरोबर उत्तम लागते, आणि ज्वारी थापण्याची सवय असलेल्या सोलापूरच्या हातांना ती काही शिकावी लागत नाही. सडलेल्या जवाची हुग्गी मात्र मला पसंत पडली नाही. खपलीचा दाणा शिजून फुलतो तरी मोकळा राहतो. जवाभोवती बुळबुळीत दाट रस सुटतो, आणि गूळ-खोबऱ्याबरोबर तो तोंडात बसतो. तोच दाटपणा भाज्या घालून केलेल्या सुपात किंवा खिचडीत हवाहवासा वाटतो.

हा बुळबुळीतपणा म्हणजे जवाचा खरा विशेष आहे. तो बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूमुळे येतो. जवात तो सामान्यतः चार ते सहा टक्के असतो, तर गव्हात एक टक्क्याच्याही आत. शिवाय गव्हाचा बहुतेक तंतू कोंड्यात असल्याने मैदा करताना निघून जातो, पण जवातील बीटा-ग्लुकन दाण्याच्या आतील भागातही पसरलेला असल्याने सडलेल्या जवातही त्याचा मोठा वाटा शिल्लक राहतो. हा तंतू जेवणानंतर रक्तातील साखर चढण्याचा वेग मंदावतो, आणि दिवसाला सुमारे 3 ग्रॅम पोटात गेल्यास कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते, हे मान्य झालेले आहे. मधुमेह असलेल्या माणसाने जवाला पसंती देण्यात त्यामुळे अर्थ आहे. मात्र भाकऱ्यांची संख्या मोजणे त्याने सोडू नये.

आता कठोर भाग. दुकानाच्या जवाच्या पिठाच्या पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त', म्हणजे गहू-जवातील वर सांगितलेली प्रथिने नसलेले, असे ठळक छापलेले आहे. हे चूक आहे, आणि साधी चूक नव्हे. सीलिॲक आजार असलेल्या, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या, व्यक्तीला गव्हातील ग्लायडिनप्रमाणेच जवातील हॉर्डिनही बाधते. गहू आणि जव हे एकाच तृणकुळातील निकटचे नातलग आहेत आणि त्यांची ही प्रथिनेही परस्परांशी मिळतीजुळती आहेत. जवाच्या पिठाची कणीक ताणली जात नाही म्हणून ते ग्लुटेनमुक्त ठरत नाही. त्यात एकाच चक्कीवर दिवसभर गहू दळला जात असल्याने, जे धान्य खरोखर ग्लुटेनमुक्त आहे अशा ज्वारीच्या दळणातही गव्हाचे पीठ मिसळण्याचा धोका तेथे आहेच. मी हे काउंटरवर सांगितले तेव्हा पाकिटे छापून झाली आहेत, एवढेच उत्तर मिळाले. अण्णांसारखा जाणता माणूस आतल्या खोलीत असताना बाहेर असे पाकीट विकले जावे, हे खटकते.

मिश्र धान्याच्या पिठाचीही शिफारस करता येत नाही. त्यावर जवाचे चित्र मोठे आहे, पण कोणते धान्य किती हे कोठेही लिहिलेले नाही, आणि चवीवरून व कणकेच्या ताणावरून त्यात गहूच मुबलक असावा असे दिसते. सातूचे पीठ मात्र निर्धास्त घ्यावे: भाजलेला जव, गहू आणि डाळे अशी त्याची घडण ते मागितल्यावर प्रमाणासह सांगतात, आणि भाजणी नेमकी झालेली असते. उन्हाळ्यात गूळपाण्यात कालवून घेण्यास ते उत्तम आहे.

सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो त्या महिन्यांत सालीसकट दळलेली दोन्ही पिठे लवकर खवट होतात; जवाचे तर आठवड्यापुरतेच दळून न्यावे. दुपारी वीज गेली की चक्की थांबते आणि दळणाचे डबे रांगेत राहतात, त्यामुळे सकाळी लवकर जाणे सोयीचे पडते. धान्य निवडून न्यायचे असेल तर लोकवन, खपली आणि सडलेला जव ही या दुकानातून घेण्यासारखी धान्ये आहेत. घरात सीलिॲकचा रुग्ण असेल तर मात्र येथून कोणतेच पीठ नेऊ नये, ज्वारीचे दाणे आणून ते घरच्याच चक्कीवर दळावेत.