महिन्यातून एकदा भरणारी मानसोपचार ओपीडी: एका वस्तीवरून

बालाघाटाच्या डोंगरातली आमची वस्ती तीसएक उंबऱ्यांची असून एसटी चार किलोमीटरवरच थांबते. येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि नागपूर या राज्याच्या चार जुन्या मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. त्यामुळे तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात महिन्यातून एकदा येणारे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक हाच आमचा आधार आहे. थोरल्या भावाला घेऊन मी दोन वर्षे तेथे जातो आहे.

तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत मिळतात. विशेष म्हणजे झोप किती लागते, हात थरथरतात का, हे डॉक्टर माझ्याकडे न पाहता भावालाच विचारतात. त्याआधी ज्या देवऋष्याकडे आम्ही दोन कोंबडी आणि बरेच पैसे घालवले, तो भावाशी एक शब्दही बोलला नव्हता.

तक्रार आहे ती खिडकीची. केसपेपर देणारा कर्मचारी "मेंटलवाले इकडे या" असे मोठ्याने पुकारतो, आणि शेजारच्या बाकावर शुगर तपासायला आलेला भावकीतलाच कोणी बसलेला असला, की आम्ही घरी पोहोचण्याआधी बातमी वस्तीवर पोहोचते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तो या खिडकीपर्यंत आलेला दिसत नाही.

दुसरी अडचण गोळ्यांची. त्या महिन्याभराच्याच मिळतात आणि भाऊ-वहिनी दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयता घेऊन चार-पाच महिने साखर कारखान्यावर असतात. गेल्या हंगामात उसाच्या फडातच गोळ्या संपल्या, भावाची झोप उडाली, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नसल्याने दोघांना परतताही येईना. त्या रात्री वहिनीने कोपीतून, म्हणजे फडावरच्या झोपडीतून, १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक लावला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही केंद्र सरकारची सेवा मोफत असून चोवीस तास चालते. पलीकडच्या बाईंनी मराठीत अर्धा तास ऐकून घेतले आणि सकाळीच जवळच्या सरकारी दवाखान्यात जायला सांगितले. ऐकणारी बाई नात्यातली नव्हती, म्हणूनच वहिनी मोकळेपणाने बोलू शकली. आमच्या वस्तीवर मात्र रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी, म्हणजे साऱ्या बायकांच्या घागरींमध्ये उभे राहिल्यावर मिळते.

यंदा मी केसपेपरच्या दोन झेरॉक्स काढून एक वहिनीच्या पेटीत ठेवली आहे. ओपीडीला जाणाऱ्यांनी गोळ्यांचे जुने पाकीट सोबत न्यावे, नाव विचारण्याआधी तेच मागतात.