ऑर्फानेट: मुलांच्या दुर्मीळ आजारांच्या वर्गीकरणासाठी कितपत उपयोगी?

फ्रान्समधील इन्सर्म या सरकारी संशोधन संस्थेने १९९७ मध्ये सुरू केलेले ऑर्फानेट हे दुर्मीळ आजारांची माहिती देणारे संकेतस्थळ मी मुलांच्या जनुकीय आजारांच्या नोंदी लावण्यासाठी नियमितपणे वापरतो. ते वापरण्यासाठी पैसे पडत नाहीत, आणि ऑर्फाडेटा या जोडविभागातून आजारांच्या संपूर्ण याद्याही विनामूल्य उतरवून घेता येतात.

याचे खरे बळ नूनन सिंड्रोमच्या उदाहरणात दिसते. कमी उंची, जन्मजात हृदयदोष आणि चेहऱ्याची विशिष्ट ठेवण असलेल्या या आजाराला पीटीपीएन११, एसओएस१, आरएएफ१ अशा निरनिराळ्या जनुकांतील बदल कारणीभूत ठरतात. ओमिम ही जनुके आणि जनुकीय आजारांची दुसरी प्रतिष्ठित सूची जनुकागणिक स्वतंत्र क्रमांक देते, तर ऑर्फानेट या साऱ्या मुलांना ६४८ या एकाच संकेतांकाखाली ठेवून जनुके त्याला जोडते. ज्या आजाराची मुले मुळातच मोजकी सापडतात, त्यांचे दोन-दोन, तीन-तीनचे गट पाडले तर अभ्यासाला काही उरत नाही. शिवाय जनुकाचा अहवाल हाती येण्यापूर्वीच, केवळ वैद्यकीय निदानावर, मुलाची नोंद योग्य जागी करता येते. मात्र विशिष्ट जनुकावरच संशोधन असेल, तर ओमिमचा क्रमांकही सोबत नोंदवावाच लागतो.

एकच आजार हृदयविकार आणि जन्मजात विकृती अशा अनेक शाखांत दाखवला जातो, हेही मला योग्य वाटते. शाखानिहाय बेरीज करताना तेच मूल दोनदा मोजले जाऊ नये, म्हणून प्रत्येक आजाराला एक मुख्य शाखाही ठरवून दिलेली आहे.

माझी गंभीर तक्रार वयाविषयी आहे. अनेक आजारांच्या पानांवर लक्षणे किती रुग्णांत आढळतात हे टप्प्यांनी दिलेले असते, उदाहरणार्थ ८० ते ९९ टक्के किंवा ३० ते ७९ टक्के; पण ते लक्षण कोणत्या वयात उमटते, हे त्यातून कळत नाही. ड्यूशेन स्नायूविकारात हृदयाचे स्नायू बहुधा पुढे, किशोरवयाच्या सुमारास दुबळे झालेले दिसू लागतात. तीन वर्षांच्या मुलाचे हृदय निरोगी आढळले म्हणून त्याच्या नोंदीत ‘लक्षण नाही’ असे लिहिणे आणि पंधरा वर्षांच्या मुलासाठी तेच लिहिणे, यांचा अर्थ पूर्णपणे वेगळा आहे. बालरुग्णांच्या वर्गीकरणात ही उणीव फार बोचते, म्हणून मी प्रत्येक लक्षणासोबत तपासणीच्या वेळचे वय स्वतंत्र रकान्यात लिहितो.

सर्व तपासण्या होऊनही निदान न झालेल्या मुलांसाठी वेगळा संकेतांक आहे. तो असणे गरजेचेच आहे, तरी एकमेकांशी काहीही संबंध नसलेली मुले त्यात एकत्र येतात. त्यांची लक्षणे मानवी लक्षणकोशाच्या, म्हणजे एचपीओच्या, संज्ञांमध्ये टिपून ठेवली तरच पुढे नवे जनुक सापडल्यावर त्यांना पुन्हा शोधून काढता येते. यादीत सुधारणा होत राहतात आणि काही संकेतांक बादही होतात, त्यामुळे कोणती आवृत्ती वापरली याची तारीख नोंदवहीच्या पहिल्याच पानावर लिहावी.